कोरा रकाना : एका लष्करी वैमानिकाची मुलाखत आणि साडेसात वर्षे

१/
जून १९५७. अमेरिकेतील कोलोराडो राज्याची राजधानी डेन्व्हर. काँटिनेंटल या प्रवासी विमान कंपनीच्या मुख्यालयात वैमानिकपदासाठी मुलाखती आणि उड्डाणचाचण्या चालू होत्या. उमेदवारांमध्ये हवाई दलातून नुकतेच बाहेर पडलेले २८ वर्षांचे एक कॅप्टन होते : मार्लन डेविट ग्रीन. त्यांच्या नोंदवहीत ३,००० हून अधिक उड्डाणतास होते. अर्जात मात्र दोन गोष्टी नव्हत्या. वंशाचा रकाना कोरा होता आणि छायाचित्र जोडलेले नव्हते.

२/
तो रकाना कोरा राहिल्यामुळेच ग्रीन डेन्व्हरपर्यंत पोहोचू शकले. ते कृष्णवर्णीय आहेत हे समोरासमोर आल्यावर कळले आणि नोकरी हुकली. त्यानंतर सुरू झालेला वाद १९६३ मध्ये थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे प्रश्न असा उभा राहिला : अनेक राज्यांवरून उडणाऱ्या कंपनीच्या मुलाखतीच्या खोलीत नेमका कोणाचा कायदा चालतो? त्या प्रश्नाची ही कथा.

३/
आधी थोडी पार्श्वभूमी. दुसऱ्या महायुद्धाने अमेरिकेत वैमानिकांची प्रचंड फौज घडवली. युद्धानंतर प्रवासी विमानवाहतूक झपाट्याने वाढू लागली आणि कंपन्यांना वैमानिक हवे होते. लष्करातून येणारा माणूस त्यांना अतिशय सोयीचा होता. त्याच्या प्रशिक्षणाचा खर्च सरकारने केलेला असे, शिस्त अंगवळणी पडलेली असे, आणि खराब हवामानात केवळ उपकरणांवर नजर ठेवून विमान उतरवण्याचा सराव झालेला असे. लष्करी कॉकपिटमधून नागरी कॉकपिटमध्ये जाण्याची एक मळलेली वाटच तयार झाली.

४/
या वाटेवरची तयारीही ठरलेली होती. लष्करी अनुभवाच्या आधारे नागरी परवाना मिळवायचा, वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण व्हायची आणि नोंदवहीतील तास नीट मांडायचे : एकूण किती, रात्रीचे किती, उपकरणांच्या आधारे किती, एकाहून अधिक इंजिनांच्या विमानावर किती. प्रवासी विमाने बहुइंजिनी असल्यामुळे बॉम्बफेकी, मालवाहू किंवा बचावविमाने चालवलेल्यांचे पारडे जड असे. दावा मोजता येण्याजोगा होता. कागदावरचा आकडा बोलत असे.

५/
निदान तशी समजूत होती. अर्जावर तासांच्या रकान्यासोबत वंशाचाही रकाना असे आणि छायाचित्रही मागितले जाई. अलाबामातील टस्कीगी येथे १९४१ ते १९४६ या काळात ९९२ कृष्णवर्णीय वैमानिक प्रशिक्षित झाले होते. त्यांपैकी अनेकांनी युरोपातील युद्धात नाव कमावले. तरीही युद्ध संपल्यावर मोठ्या प्रवासी कंपन्यांची दारे त्यांच्यासाठी उघडली नाहीत. तास तेच होते, विमानेही तीच होती. ती चालवणारा हात मात्र चालत नव्हता.

६/
टस्कीगीतच तयार झालेल्या ऑगस्ट मार्टिन यांचे उदाहरण बोलके आहे. युद्धानंतर जिथे विमान मिळेल तिथे ते उडवत, आणि नाही मिळाले की न्यूयॉर्कच्या गोदीत मालाची चढउतार करत. १९५५ मध्ये त्यांना एका अमेरिकी हवाई कंपनीत नोकरी मिळाली, पण ती मालवाहू कंपनी होती. प्रवाशांच्या नजरेसमोर येणारे कॉकपिट अजूनही बंदच होते. १९६८ मध्ये बियाफ्राच्या दुष्काळग्रस्तांसाठी मदत नेताना विमान कोसळून मार्टिन यांचा मृत्यू झाला.

७/
कंपन्या उघडपणे ‘वर्ण’ हा शब्द क्वचितच उच्चारत. अडचणी व्यावहारिक असल्याचे भासवले जाई. प्रवासी घाबरतील. दक्षिणेकडच्या शहरात मुक्काम पडला, तर हॉटेलात बाकीच्या कर्मचाऱ्यांसोबत त्याला खोली कोण देणार? गोरे सहकारी त्याच्या शेजारी बसून काम करतील का? गंमत अशी की नेमके हेच प्रश्न लष्करापुढेही उभे राहिले होते आणि तिथे त्यांचे उत्तर एका आदेशाने दिले गेले होते.

८/
२६ जुलै १९४८ रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी कार्यकारी आदेश ९९८१ काढला. सशस्त्र दलांत वंश, वर्ण, धर्म किंवा मूळ देश यांवरून भेद न करता समान वागणूक आणि समान संधी देण्याचे धोरण त्यात जाहीर झाले. अंमलबजावणीत हवाई दल आघाडीवर राहिले. टस्कीगीच्या वैमानिकांची प्रसिद्ध ३३२ वी तुकडी १ जुलै १९४९ रोजी विसर्जित झाली आणि तिच्यातील माणसे इतर तुकड्यांमध्ये मिसळली.

९/
मार्लन ग्रीन याच वर्षी, १९४८ मध्ये, हवाई दलात दाखल झाले. जन्म ६ जून १९२९, अर्कान्सा राज्यातील एल डोराडो गावचा. कॅथलिक धर्मगुरू होण्याची इच्छा होती. ती वाट मध्येच सुटली आणि ते आकाशाकडे वळले. हवाई दलात त्यांनी बी-२६ हे बॉम्बफेकी विमान चालवले. पुढे जपानमधील तळावर एसए-१६ अल्बाट्रॉस हे पाण्यावरही उतरू शकणारे बचावविमान त्यांच्या हाती आले. दोन्ही विमाने दोन इंजिनांची, म्हणजे प्रवासी कंपन्यांना हवा असतो तोच अनुभव.

१०/
गोऱ्या सहकाऱ्यांसोबत एकाच कॉकपिटमध्ये बसून, प्रसंगी त्यांना हुकूम देऊन, ग्रीन यांनी ९ वर्षे काढली. त्यांच्या पत्नी एलिनर गौरवर्णीय होत्या. दोघांचे लग्न झाले त्या काळात अमेरिकेतील अनेक राज्यांत असे लग्न कायद्याने गुन्हा होता. घरात लहान मुले होती. हवाई दलात २० वर्षे पूर्ण केली असती तर निवृत्तिवेतन पक्के होते. ते सोडून नागरी आयुष्यात उतरणे हा साधा निर्णय नव्हता.

११/
तरीही त्यांनी तो घेतला, कारण हवा बदलू लागल्याची चिन्हे दिसत होती. रोजगारातील भेदभावाला बंदी घालणारा कायदा न्यूयॉर्क राज्याने १९४५ मध्येच केला होता. त्या कायद्याखालील आयोग विमान कंपन्यांवर दबाव आणत होता. डिसेंबर १९५६ मध्ये न्यूयॉर्क एअरवेज या हेलिकॉप्टर कंपनीने पेरी यंग या कृष्णवर्णीय वैमानिकाला घेतले. एक दार किलकिले झाले होते. १९५७ मध्ये ग्रीन यांनी राजीनामा दिला.

१२/
त्यांनी कंपनीमागून कंपनीला अर्ज पाठवले. काहींचे नकार आले, काहींकडून उत्तरच आले नाही. काँटिनेंटलच्या अर्जात त्यांनी वंशाचा रकाना कोरा ठेवला. ते खोटे बोलले नव्हते. ज्या प्रश्नाचा विमान चालवण्याशी संबंध नाही, त्याला त्यांनी उत्तर दिले नव्हते. एरवी उमेदवाराची तयारी म्हणजे अर्जात काय लिहायचे याचा विचार. ग्रीन यांना काय लिहायचे नाही, याचाही विचार करावा लागला.

१३/
बोलावणे आले. डेन्व्हरमध्ये त्यांनी मुलाखत दिली, उड्डाणचाचणी दिली आणि कौशल्याच्या कसोटीवर ते कुठेही कमी पडले नाहीत. पण कंपनीच्या प्रशिक्षणवर्गात त्यांचे नाव आले नाही. त्यांच्यापेक्षा कमी उड्डाणतास असलेल्या गोऱ्या उमेदवारांची मात्र निवड झाली. अशा वेळी बहुतेक जण निमूट परत जात. ग्रीन यांनी हिशेब मागायचे ठरवले.

१४/
योगायोग असा, की याच १९५७ साली कोलोराडोने नवा भेदभावविरोधी कायदा केला होता. पात्र व्यक्तीला वंश वा वर्णावरून नोकरी नाकारणे त्यानुसार बेकायदा ठरले. ग्रीन यांनी राज्याच्या भेदभावविरोधी आयोगाकडे तक्रार दाखल केली. इथे लष्करी नोंदवहीचे महत्त्व कळते. ‘मुलाखतीत छाप पडली नाही’ असे म्हणणे कोणालाही सोपे असते, पण ३,००० तासांपुढे त्याहून कमी तासांची निवड का केली, हे सांगणे अवघड असते.

१५/
आयोगाने चौकशी केली, समेटाचा प्रयत्न केला, आणि तो फसल्यावर सविस्तर सुनावणी घेतली. १९५८ च्या अखेरीस निष्कर्ष आला : प्रशिक्षणवर्गासाठी ग्रीन यांची निवड न होण्याचे एकमेव कारण त्यांचा वंश हे होते. भेदभाव थांबवावा आणि पुढच्या प्रशिक्षणवर्गात ग्रीन यांना पहिली संधी द्यावी, असा आदेश कंपनीला मिळाला. मुलाखतीनंतर दीड वर्षाने ग्रीन जिंकले होते. पण हा विजय कागदावरच राहिला.

१६/
कंपनी न्यायालयात गेली. तिचा मुख्य मुद्दा अधिकारक्षेत्राचा होता : आम्ही अनेक राज्यांत विमाने उडवतो, म्हणून आमचा व्यवहार हा आंतरराज्यीय व्यापार आहे. घटनेनुसार त्याचे नियमन करण्याचा अधिकार संघराज्याच्या संसदेला आहे. प्रत्येक राज्य आपापला नियम लादू लागले, तर विमाने उडणार कशी? म्हणून कोलोराडोच्या आयोगाला आमच्या भरतीत हात घालताच येणार नाही.

१७/
या युक्तिवादाच्या पाठीशी जुने निकाल होते. १८७२ मध्ये जोसेफिन डीक्विर नावाच्या मिश्रवंशीय महिलेला मिसिसिपी नदीवरील आगबोटीत महिलांच्या कक्षात प्रवेश नाकारला गेला. लुइझियाना राज्याच्या कायद्यात असा भेदभाव निषिद्ध होता. तरी १८७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदाच आंतरराज्यीय व्यापारावरचा बोजा मानून अशा प्रवासापुरता रद्द ठरवला. भेदभावाला मनाई करणारा कायदा हरला आणि बोटीचा मालक जिंकला.

१८/
हेच शस्त्र पुढे उलट्या दिशेनेही चालले. १९४४ मध्ये आयरीन मॉर्गन या कृष्णवर्णीय तरुणीने व्हर्जिनियाहून बाल्टिमोरला जाणाऱ्या बसमध्ये आपली जागा सोडण्यास नकार दिला. १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला, आणि कारण तेच : बस राज्याराज्यांतून जाते, त्यामुळे व्हर्जिनियाचा वेगळ्या आसनांचा कायदा आंतरराज्यीय प्रवाशांवर लागू करता येणार नाही. म्हणजे एकाच तत्त्वाने एकदा समतेचा कायदा पाडला आणि एकदा विषमतेचा. काँटिनेंटलने या दोन्ही निकालांचा आधार घेतला.

१९/
डेन्व्हरच्या जिल्हा न्यायालयाने कंपनीचे म्हणणे मान्य केले. १९६२ मध्ये कोलोराडोच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच केले. इथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. ‘ग्रीन अपात्र होते’ हा काही या निकालांचा पाया नव्हता. अन्याय झाला असला तरी तो दूर करण्याचा अधिकार राज्याला नाही, एवढाच त्यांचा अर्थ होता. इतिहासात अनेक अन्याय असेच टिकून राहिलेले दिसतात : त्यांचे समर्थन कोणी करत नाही, आणि त्यांच्यावर अधिकार मात्र कोणाचाच चालत नाही.

२०/
दरम्यान ग्रीन यांचे आयुष्य थांबलेले नव्हते. ते झिजत होते. कुटुंब वाढत होते, अखेर मुले सहा झाली. मिळेल ते काम करून घर चालवावे लागत होते. वैमानिकाचे कौशल्य सरावावर टिकते, आणि जमिनीवर गेलेले प्रत्येक वर्ष त्याच्या नोंदवहीत पोकळी म्हणून उमटते. या काळात डेन्व्हरचे वकील टी. रेबर टेलर त्यांच्या पाठीशी ठाम उभे राहिले आणि खटला वॉशिंग्टनपर्यंत नेला.

२१/
२२ एप्रिल १९६३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ग्रीन यांच्या बाजूने निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी लिहिले होते. ब्लॅक मूळचे अलाबामाचे, आणि तरुणपणी १९२० च्या दशकात ते कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेष्ट्या संघटनेचे सदस्य राहिलेले होते. त्याच माणसाच्या लेखणीतून हा निकाल उतरला, याची नोंद इतिहासाने घेतलीच पाहिजे.

२२/
निकालातील तर्क सरळ होता. प्रवासी एका राज्यातून दुसऱ्यात जातो, त्यामुळे सीमेगणिक नियम बदलले तर गोंधळ होईल. नोकरभरती मात्र एका ठिकाणी, एका खोलीत होते. शिवाय आता कोणतेही राज्य भेदभाव करण्याची सक्ती करणारा कायदा घटनेनुसार करूच शकत नव्हते. मग परस्परविरोधी नियमांची भीती उरतेच कुठे? हवाई वाहतुकीच्या केंद्रीय कायद्यांनीही राज्यांचा हा अधिकार काढून घेतलेला नाही, असेही न्यायालयाने सांगितले. विमान कितीही राज्यांवरून उडो, मुलाखतीची खोली डेन्व्हरमध्येच होती.

२३/
तरीही प्रत्यक्ष नेमणूक व्हायला आणखी पावणेदोन वर्षे गेली. त्या अवधीत, डिसेंबर १९६४ मध्ये, अमेरिकन एअरलाइन्सने डेव्हिड हॅरिस यांना घेतले. तेही हवाई दलाचे माजी कॅप्टन, बी-४७ आणि बी-५२ या अवजड बॉम्बफेकी विमानांवर तयार झालेले. हॅरिस यांचा वर्ण इतका उजळ होता की समोरच्याला कळलेही नसते. मुलाखतीत त्यांनी स्वतःहून सांगितले की आपण कृष्णवर्णीय आहोत. उत्तर मिळाले ते अशा आशयाचे : रंग कोणता याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही, विमान चालवता येते का ते सांगा.

२४/
अमेरिकेतील मोठ्या प्रवासी कंपनीतील पहिले कृष्णवर्णीय वैमानिक म्हणून नाव नोंदले गेले ते हॅरिस यांचे. साडेसात वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन मुलाखती शेजारी ठेवून पाहाव्यात. दोन्ही उमेदवार एकाच हवाई दलातून आलेले. पहिल्याला एक रकाना कोरा ठेवून आत शिरावे लागले. दुसऱ्याला तीच गोष्ट तोंडाने सांगता आली. मधल्या काळात दोन मोठे बदल झाले होते : १९६३ चा निकाल, आणि रोजगारातील भेदभावाला देशभर मनाई करणारा जुलै १९६४ चा नागरी हक्क कायदा.

२५/
जानेवारी १९६५ मध्ये मार्लन ग्रीन अखेर काँटिनेंटलमध्ये रुजू झाले. २८ व्या वर्षी जी खुर्ची मिळायला हवी होती, ती ३५ व्या वर्षी मिळाली. १९६६ मध्ये ते कॅप्टन झाले आणि १९७८ पर्यंत उडत राहिले. त्यांच्यामागून येणाऱ्यांची वाट सोपी झाली, पण एकट्याने चालण्याइतकी सोपी नव्हती. १९७६ मध्ये कृष्णवर्णीय वैमानिकांनी आपली संघटना उभारली. जे ज्ञान ग्रीन यांनी एकट्याने, ठेचा खात मिळवले, ते पुढच्या उमेदवारांपर्यंत पोहोचवण्याची सोय त्यातून झाली.

२६/
लष्कर आणि नागरी जग यांच्यातील वाट बहुतेकदा कौशल्याच्या भाषेत सांगितली जाते : किती तास, किती इंजिने, कोणता परवाना. ग्रीन यांचा खटला तिची दुसरी बाजू दाखवतो. ट्रुमन यांच्या आदेशाने कॉकपिटमधला भेद मिटवला, पण त्या आदेशाची हद्द तळाच्या फाटकापाशी संपत होती. फाटकाबाहेर तीच समता पुन्हा एकदा, वेगळ्या कायद्याने आणि एका माणसाच्या उमेदीच्या वर्षांची किंमत मोजून मिळवावी लागली.

२७/
६ जुलै २००९ रोजी डेन्व्हरमध्ये ग्रीन यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी काँटिनेंटलने आपल्या एका बोइंग ७३७ विमानाला त्यांचे नाव दिले. जिच्या अर्जात त्यांना एक रकाना कोरा सोडावा लागला होता, त्याच कंपनीच्या विमानावर आता त्यांचे पूर्ण नाव लिहिलेले होते. ते वाचायला ग्रीन स्वतः मात्र नव्हते.

(समाप्त)